विचारलं असतं तर सांगितलं असतं

मी एक वापरलेली फोर्कलिफ्ट आहे. जुनी म्हणायची अमेरिकेच्या उत्तर टोकाला, आमच्या मिनेसोटात, पद्धत नाही. इथे 'अजून पुष्कळ जीव आहे तिच्यात' असं म्हणतात. हेच वाक्य इथली माणसं स्वतःच्या सासूबद्दल आणि तळघरातल्या बटाट्यांबद्दलही वापरतात, त्यामुळे मी त्याचा फारसा अभिमान बाळगत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी तुम्ही कुठल्यातरी गोदामात पाहिली असेल. मागे जड बॅटरी, मध्ये चालकाची खुर्ची, समोर उभी लोखंडी चौकट आणि त्या चौकटीवर वर-खाली सरकणारे दोन लांब पोलादी दांडे. कामगार त्यांना फोर्क म्हणतात. मी त्यांना हात म्हणते. लाकडी फळ्यांच्या पाटावर, म्हणजे पॅलेटवर, माल रचलेला असतो. मी हात पॅलेटखाली घालते आणि सगळंच्या सगळं उचलते. मला एवढंच येतं. बोलता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिच्यापाशीच अडलं आहे.

माझा जन्म एका मंगळवारी झाला. त्या दिवशी त्या कारखान्यात आम्ही चौदा जणी जन्मलो आणि कुणीही पेढे वाटले नाहीत. एका माणसाने मला पिवळा रंग दिला. दुसऱ्याने माझ्या अंगावर पत्र्याची एक पट्टी ठोकली. मी किती वजन उचलू शकते ते त्या पट्टीवर लिहिलं आहे : चार हजार पौंड. ते वजन मी किती वेळ धरून ठेवू शकते, हे मात्र लिहिलेलं नाही. हा प्रश्न कुणाला पडेल असं तेव्हा वाटलं नसावं. आणि खरोखरच, मित्रांनो, पुढे तो कुणी विचारला नाही.

माझी उमेदीची चौदा वर्षं टर्कीच्या शीतगृहात गेली. टर्की हा कोंबडीपेक्षा मोठा आणि कोंबडीइतकाच बेसावध पक्षी असतो. तो गोठवून खोक्यात भरलेला असे आणि मी ती खोकी इकडून तिकडे नेत असे. माझी चालक होती लाव्हॉन. दोन स्वेटर, तीन जोड मोजे आणि तोंडाने सतत चाललेली बडबड. दर पाळीच्या सुरुवातीला ती माझ्याभोवती एक फेरी मारायची. साखळी बघायची, चाकं बघायची, हात उचलणाऱ्या सिलिंडरवर बोट फिरवून तेल लागतंय का ते बघायची. मग खुर्चीत बसून म्हणायची, "काय गं म्हातारे, आज मरणार नाहीस ना? मरायचं तर शुक्रवारी मर. शुक्रवारी मला सुट्टी असते."

मी चौदा वर्षांत एकाही शुक्रवारी मेले नाही. याबद्दल माझं कौतुकही झालं. कंपनीने एका वर्षी दिनदर्शिका छापली तेव्हा नोव्हेंबरच्या पानावर माझा फोटो होता. माझ्या एका बाजूला लाव्हॉन होती आणि दुसऱ्या बाजूला एक जिवंत टर्की. ती टर्की नंतर कुणाला दिसली नाही.

चौदाव्या वर्षी माझ्या सिलिंडरमधलं सील झिजलं. सील म्हणजे रबराचं कडं. ते आतल्या तेलाला धरून ठेवतं, तेल माझ्या हातांना धरून ठेवतं आणि माझे हात मालाला. एवढ्याशा रबरावर सगळा संसार. ते झिजलं की तेल आतल्या आत निसटतं. जमिनीवर थेंब पडत नाही, आवाज होत नाही. फक्त वर केलेले हात आपोआप खाली येऊ लागतात. मिनिटाला साधारण एक इंच. बघत बसलात तर दिसत नाही. बघायचं सोडलंत की होतं.

हे पहिल्यांदा उघडकीला आलं ते लाव्हॉनच्या निरोप समारंभात. तिचा शेवटचा दिवस म्हणून त्या सकाळी मला दुसऱ्याच माणसाने चालवलं. त्याने दीडशे टर्की माझ्या हातांवर उंच धरल्या आणि तसाच जेवायला गेला. माझ्या हातांखाली मोकळी जागा दिसली, म्हणून कुणीतरी तिथे जेवणाचं टेबल मांडलं. टेबलाच्या मधोमध लाव्हॉनची आवडती हॉटडिश होती : खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांचा थर. मग मुकादम भाषणाला उभा राहिला. आमच्याकडे भाषणात कुणी मध्ये बोलत नाही. मुकादम पन्नास मिनिटं बोलला.

मी ती हॉटडिश चिरडली नाही. मी तिच्यावर टेकले. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो मला कधीच कुणाला समजावता आला नाही.

एका बाईने कडेकडेने वाढायला घेतलं. एक जण म्हणाला, "छान पातळ थर बसलाय." जेवणं झाल्यावर लाव्हॉन माझ्याजवळ आली आणि माझ्या चौकटीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "सील गेलंय गं तुझं. सांगते मी." तिने खरंच सांगितलं. मुकादम म्हणाला, "हं, खरं आहे." आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो. लाव्हॉन ॲरिझोनाला राहायला गेली. तिथे बर्फ पडत नाही म्हणे. माझा विश्वास बसत नाही, पण तिच्यासाठी मी तसं धरून चालते.

त्यानंतर कुणी माझ्याभोवती फेरी मारली नाही. माझ्या हातांवर कोट वाळत घालू लागले. कोटांचं वजन कमी, त्यामुळे ते खाली यायलाही वेळ लागे. तेवढाच मला मान. मग नव्या फोर्कलिफ्टी आल्या आणि मला ऑरिनच्या शेडमध्ये पाठवण्यात आलं.

ऑरिन जुनी यंत्रं विकतो. तो वाईट माणूस नाही. हे मी आधीच सांगते, कारण थोड्या वेळाने तुम्हाला तसं वाटेल. त्याचा एकच नियम आहे : कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही. हा नियम पाळणं आमच्याकडे फार सोपं जातं, कारण आमच्याकडे कुणी विचारत नाही. एखाद्याच्या मालात खोट आहे का, असं त्याच्या तोंडावर विचारणं म्हणजे पाहुण्याला पिशवी उघडून दाखव म्हणण्यासारखं आहे. माझं सील गेलंय हे ऑरिनला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याने सगळी तयारी केली, की कुणी विचारलं तर लगेच सांगायचं. मग त्याने मला वरून नवा रंग दिला आणि वाट बघत बसला.

पाच महिने कुणी विचारलं नाही. दोन गिऱ्हाइकं आली, हवामानाबद्दल बोलली आणि गेली. शेवटी जानेवारीत ऑरिनने भंगारवाल्याला फोन केला. तो सोमवारी येणार होता. आणि त्याआधीच्या शनिवारी मार्लिसबाई आल्या.

मार्लिसबाई नॉर्बी गावच्या. तिथल्या चर्चच्या मागच्या गोदामात दर गुरुवारी गरजूंना फुकट धान्य आणि डबाबंद भाज्या वाटतात, ते काम त्या बघतात. त्यांच्यासोबत त्यांचे यजमान वर्लिन होते. वर्लिन लोणी काढायच्या कारखान्यात चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त करत होते आणि तिथल्या खडखडाटात बोलायची सवय सुटली ती सुटलीच. त्यांच्या शर्टाच्या खिशातून एका पिवळ्या कागदाचं टोक डोकावत होतं. ती यादी होती. वापरलेली फोर्कलिफ्ट घेताना काय काय विचारायचं, असे नऊ प्रश्न मार्लिसबाईंनी घरी बसून लिहून काढले होते.

ते कागदाचं टोक बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात ऑरिनने विचारलं, "कॉफी घेणार?"

"नको नको," मार्लिसबाई म्हणाल्या.

"केलेलीच आहे."

"कशाला उगाच त्रास."

"नाहीतर ओतूनच द्यावी लागेल."

"बरं, अर्धा कप. वर्लिनला पण अर्धा."

ऑरिनने दोन कप काठोकाठ भरून दिले, आणि मित्रांनो, तिथेच सगळं संपलं. ज्याची कॉफी हातात आहे त्याला 'तुझ्या यंत्रात काय काय बिघडलंय' असं कसं विचारणार? वर्लिननी पिवळ्या कागदाचं टोक बोटाने आत ढकललं.

तरी त्यांनी तपासणी केली. माझ्याभोवती एक फेरी मारली. एका चाकाला हलकेच लाथ मारली. हॉर्न दाबला. हॉर्न वाजला. वर्लिननी मान डोलावली. हॉर्न हा माझा एकमेव अवयव जो मी कधी वापरलाच नाही, त्यामुळे तो उत्तम स्थितीत आहे. मला वाटलं, आता सिलिंडरवर बोट फिरवतील. त्यांनी फिरवलं. रंग छान बसलाय का ते बघितलं.

"कुठे वापरणार म्हणता?" ऑरिनने विचारलं.

"गोदामात हो. जागा अगदी चिमूटभर," मार्लिसबाई बादलीवर बसत म्हणाल्या. शेडमध्ये बसायला तेवढी एक उपडी बादलीच होती. "म्हणून आम्ही असं ठरवलंय, की डब्यांचं पॅलेट दिवसभर वरच धरून ठेवायचं. म्हणजे त्याच्या खाली आमच्या आर्डिसची खुर्ची बसते. माझी थोरली बहीण. गुडघे गेलेत तिचे. ती बसून डबे निवडते."

"कुठे बसतात?"

"बरोबर खाली."

"हो का," ऑरिन म्हणाला. "छान."

मित्रांनो, उचललेल्या मालाखाली कुणीही बसायचं नसतं. माझ्याच नव्हे, कुठल्याही फोर्कलिफ्टखाली. कालच कारखान्यातून आलेलीच्या खालीसुद्धा नाही. हे ऑरिनला माहीत होतं, वर्लिनना माहीत होतं, मला माहीत होतं. दोघांच्या तोंडात कॉफी होती आणि मला तोंड नव्हतं.

आता माझी अवस्था बघा. मी विकली गेले नाही, तर सोमवारी भंगारात. विकली गेले, तर दर गुरुवारी मिनिटाला एक इंच या वेगाने एका म्हातारीच्या डोक्यावर. मला दोन्ही नको होतं. पण मला काय हवं, काय नको, हे विचारायची पद्धत तर माणसांच्या बाबतीतही नाही.

ऑरिनच्या मनात काहीतरी टोचत असावं. तो एकदम माझ्या खुर्चीत चढला आणि म्हणाला, "वजन उचलून दाखवतो." समोर मिठाच्या गोण्यांचं पॅलेट होतं. त्याने ते उचललं आणि सात फुटांवर नेलं. मग ऐट दाखवायला मला दोन पावलं पुढे आणलं. मार्लिसबाई बादलीवरून उठून बाजूला झाल्या.

भिंतीवर माशाच्या आकाराचं घड्याळ होतं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. साधारणपणे ऑरिन अर्ध्या मिनिटात वजन खाली ठेवतो. अर्ध्या मिनिटात मी अर्धा इंच खाली येते, ते कुणाला कळत नाही. पण त्याच क्षणी मार्लिसबाईंनी कप क्षणभर बाजूला ठेवून दोन्ही हात मांड्यांवर आपटले आणि म्हणाल्या, "बरं! चला मग."

आमच्याकडे हा निरोपाचा आरंभ असतो. पाहुणे निघाले म्हटल्यावर आपण खुर्चीत बसून राहणं हा उर्मटपणा. ऑरिनने घाईघाईने चावी फिरवून मला बंद केलं आणि खाली उतरला. वजन वरच राहिलं. आणि आमच्याकडचा निरोप, मित्रांनो, अर्ध्या मिनिटात होत नाही.

"विचार करून कळवतो मग," मार्लिसबाई म्हणाल्या. म्हणजे घेणार होत्या.

"सावकाश," ऑरिन म्हणाला. "कुठल्या रस्त्याने आलात?"

"तळ्याकडून. गावातून नाही आलो."

"बरं केलंत. गावातून आलात तर वळण पडतं."

"आणि तळ्याकडून हरणं."

"हरणं काय, सगळीकडेच."

"गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने एक उडवलं. गाडी गेली."

"आणि हरीण?"

"हरीणही गेलं. पण गाडीच्या आधी, चालत."

सगळे गंभीरपणे हसले. मी आठ इंच खाली आले होते. मग ते चार पावलं दाराकडे गेले आणि पुन्हा थांबले. तळ्यावर बर्फ किती जाड झालाय, ऑरिनच्या आईच्या खुब्याचं काय झालं, चर्चचं छप्पर कोण दुरुस्त करतंय. दरवेळी वर्लिन दाराच्या मुठीवर हात ठेवत आणि दरवेळी काढून घेत. वीस मिनिटं झाली. दहा मिनिटं वजन धरते का, एवढं तपासायला यांच्यापैकी कुणाला वेळ नव्हता. जायला मात्र अख्खी सकाळ मोकळी होती.

तेवढ्यात बाहेरूनच दार उघडलं. आर्डिसबाई आल्या. हातात ताट, ताटात खजुराच्या वड्या, ज्यांना आमच्याकडे बार म्हणतात, डोक्यावर लाल लोकरीची टोपी आणि टोपीच्या टोकाला लिंबाएवढा गोंडा.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "मी गाडीतच बसणार होते. पण बार दगड व्हायला लागले. अरे, तू हिल्माचा ऑरिन ना? नाक तेच आहे. लहानपणीही एवढंच होतं."

"हो. वाढत्या अंगाचं घेतलं होतं आईने."

आर्डिसबाई समाधानाने हसल्या आणि बसायला काही आहे का ते बघू लागल्या. शेडमध्ये एकच बादली होती. ती माझ्या हातांखाली होती.

बसल्या.

मित्रांनो, मी जन्मात एकदाच प्रार्थना केली आहे आणि ती हॉर्नला केली. वाज म्हटलं. तो वाजला नाही. त्याला कुणीतरी दाबावं लागतं. सगळ्यांनाच लागतं.

वर्लिनचं तोंड माझ्याकडे होतं. त्यांनी छताखालच्या पाइपाकडे पाहिलं, मग मिठाच्या गोण्यांकडे, मग पुन्हा पाइपाकडे. मघाशी गोण्या पाइपाला लागून होत्या. आता मधून हात गेला असता. त्यांनी मार्लिसबाईंकडे पाहिलं. मार्लिसबाईंनीही गोण्यांकडे पाहिलं. संसाराची त्रेचाळीस वर्षं त्या एका नजरेत होती आणि तिचा अर्थ होता : तू बोल. ऑरिनची पाठ माझ्याकडे होती.

"आर्डिस," मार्लिसबाई म्हणाल्या, "तू इकडे हीटरपाशी बस ना."

"नको गं. इथेच बरी."

हा पहिला नकार. आमच्याकडे काहीही दिलं तरी दोनदा नाही म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस हावरा समजला जातो. आणि दोन आग्रहांच्या मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो, नाहीतर आग्रह करणारा उतावळा ठरतो. मी घड्याळाकडे पाहिलं. आर्डिसबाईंच्या गोंड्यापासून मी अकरा इंचांवर होते.

"ऑरिन, बार घे," आर्डिसबाई म्हणाल्या.

"नको, आत्ताच खाल्लंय."

"एक तरी."

"नको, खरंच."

"अरे, लहानसा."

"बरं, तुम्ही म्हणता म्हणून," असं म्हणून ऑरिनने तीन घेतले. तीन इंच गेले.

"आर्डिस, तिथे वारा लागत असेल तुला," मार्लिसबाई म्हणाल्या.

"लागू दे. वाऱ्याला तरी कुठे जायचंय."

दुसरा नकार! आता एकच राहिला होता. पाच इंच होते, एक आग्रह होता. मार्लिसबाईंनी तोंड उघडलं, आणि ऑरिनने बार गिळून बर्फ काढायच्या गाडीची गोष्ट सुरू केली. कुणाच्या तरी चुलत्याने आपल्याच घरासमोर बर्फाचा ढीग केला आणि मग वसंतापर्यंत त्याला स्वतःचं दार सापडलं नाही. गोष्ट चांगली होती. मध्ये बोलणं शक्य नव्हतं. चुलता खिडकीतून आत शिरेपर्यंत माझ्याकडे दोन इंच उरले होते. तो शिडी परत करायला गेला तेव्हा अर्धा.

मी सगळा जोर लावला. पण जोर हा माझा नव्हताच. तो तेलाचा होता, आणि तेल निघून चाललं होतं. वजन धरून ठेवण्यासाठी जन्मलेल्या कुणाला ते सुटताना बघत राहावं लागणं, याहून वाईट काही असेल तर मला माहीत नाही.

पॅलेटची फळी लाल गोंड्यावर टेकली.

"मार्लिस," आर्डिसबाई समोर बघतच म्हणाल्या, "डोक्यावरून हात फिरवायला मी काय लहान आहे?"

मार्लिसबाईंचे दोन्ही हात कपावर होते.

तेव्हा वर्लिन बोलले. "आर्डिस. ऊठ."

'जरा' नाही, 'बरं का' नाही, नुसतं ऊठ. गोणी डोक्यावर पडली असती तर जेवढा धक्का बसला असता त्याहून मोठा धक्का त्या दोन शब्दांनी बसला. आर्डिसबाई रागाने उठल्या, आणि उठायला जागाच नाही म्हणून वाकून बाजूने निघाल्या. टोपी मात्र फळीच्या खिळ्याला अडकून राहिली. ऑरिन वळला. चौघांनी मिळून त्या लाल टोपीकडे पाहिलं. ती अगदी सावकाश बादलीकडे चालली होती. ती पाच इंच गेली.

"हं," ऑरिन शेवटी म्हणाला. त्याचे कान टोपीच्या रंगाचे झाले होते. "सील गेलंय तिचं. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी."

"विचारणारच होतो," मार्लिसबाई म्हणाल्या. "वर्लिन, दाखव." वर्लिननी पिवळा कागद काढला. सहावा प्रश्न होता : वजन उचलून दहा मिनिटं धरते का? "पण तुम्ही कॉफी दिलीत ना."

"ती द्यायला नको होती मी."

"नाही नाही, कॉफी छान होती."

"आर्डिसबाई खाली बसणार म्हणालात, तेव्हाच बोलायला हवं होतं मी," ऑरिन जमिनीकडे बघत म्हणाला. "तेव्हा तर कुणी विचारायचीही गरज नव्हती."

मार्लिसबाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे जरा वेगळंच आहे."

आमच्याकडे याहून जहाल शब्द नाही. ऑरिन भिंतीला टेकला. मला वाटलं, संपलं. सोमवार. पण मित्रांनो, मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. कुणीतरी एकदाचं पाहिलं होतं.

मग वर्लिन माझ्याजवळ आले. या वेळी त्यांनी खरंच तपासलं. गुडघ्यावर बसून सिलिंडरच्या तोंडाशी बोट घातलं, साखळीची एकेक कडी वाकवून पाहिली, हातांच्या कोपराशी पोलाद किती झिजलंय ते मोजपट्टीने मोजलं. लाव्हॉननंतर पहिल्यांदा. "रबराचं कडं," ते म्हणाले. "बदलता येतं. मी करतो."

"कडं मी देतो," ऑरिन म्हणाला.

"नको," मार्लिसबाई म्हणाल्या.

"माझ्याकडून."

"कशाला उगाच."

"नाहीतर मला झोप नाही लागणार."

"बरं. द्या मग."

त्यांनी मला घेतलं. न घेता निघायचं म्हणजे निरोप पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला असता, आणि बार संपले होते.

आता मी नॉर्बीच्या गोदामात असते. माझं सील नवं आहे. आर्डिसबाईंची खुर्ची खिडकीपाशी हलवली. त्या तिसऱ्या आग्रहाला हलल्या. माझ्या हातांखाली आता कुणी बसत नाही. फक्त गुरुवारी, वाटप संपल्यावर, वर्लिन घेवड्याच्या डब्यांचं एक पॅलेट उचलतात आणि त्याच्याखाली एका रिकाम्या पिंपावर लाल टोपी ठेवतात. गोंड्याच्या वर चार बोटं जागा सोडतात. मग मार्लिसबाई मांड्यांवर हात आपटून म्हणतात, "बरं! चला मग." तपासणी हा शब्द कुणी काढत नाही, माझ्या भावना दुखावतील. ते नुसते निरोप घेतात. सगळे गेल्यावर वर्लिन मागे राहून चार बोटं घालून बघतात. आजवर दरवेळी चार बोटं गेली आहेत.

मित्रांनो, तुम्हीही कधी जुनं यंत्र घ्यायला जाल. त्याला खोट सांगता येत नाही, आणि विकणाऱ्याला सांगावीशी वाटत नाही. म्हणून कॉफीच्या आधी विचारा. वजन उचलायला लावा, आणि मग सावकाश हरणांबद्दल बोला. घेतल्यावरही आठवड्यातून एकदा त्याच्याभोवती फेरी मारा. एवढंसं रबर असतं हो. त्याच्याकडे लक्ष दिलंत तर आम्ही तुमचा भार जन्मभर वर धरू.

आणि यादी केली असेल तर ती पूर्ण वाचा. वर्लिननी त्या दिवशी सहावा प्रश्न दाखवला आणि कागद घडी घालून परत खिशात ठेवला. एकाच दिवसात दोन प्रश्न म्हणजे भांडण. सातवा प्रश्न माझ्या बॅटरीबद्दल होता. तिच्यात अठरा कप्पे आहेत आणि त्यातला अकरावा कप्पा शुक्रवारी शुक्रवारी मला फार विचित्र वाटतो.

पण ते अजून कुणी विचारलेलं नाही.